चार दिवस झाले तरी कानातले पाणी निघत नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नुकतेच पोहायला लागला आहात, चार दिवसांपूर्वी पोहून आल्यापासून उजव्या कानाला दडा बसला आहे, एका पायावर उड्या मारून झाल्या, इअरबड फिरवून झाला, तरी पाणी बाहेर येत नाही. आता कुणी व्हिनेगर आणि स्पिरिटचे थेंब घालायला सांगते, कुणी हेअर ड्रायर लावायला सांगते, आणि यांतले सुरक्षित काय हे तुम्हाला हवे आहे. हे पाणी आत मेंदूकडे तर जाणार नाही ना, अशी धास्तीही तुम्ही लिहिली आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे हीच तक्रार ऐकत आल्यामुळे मी तुमच्या प्रश्नाची मांडणी थोडी बदलतो. पोहून आल्यावरच्या पहिल्या काही तासांत ‘पाणी कसे काढू’ हाच प्रश्न असतो आणि त्याची उत्तरे सोपी आहेत. चौथ्या दिवशी मात्र ‘हे अजून पाणीच आहे का’ असे आधी विचारायला हवे, कारण निरोगी, मोकळा कान इतके दिवस पाणी धरून ठेवत नाही. दडा पाण्यामुळे सुरू झाला असेल, पण आता तो वेगळ्याच कारणाने टिकून असण्याची शक्यता जास्त आहे. ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. पहिल्या तासासाठी ठीक असलेला उपाय चौथ्या दिवशी कान बिघडवू शकतो.

आधी धास्तीविषयी. पाणी मेंदूकडे जात नाही. कानाचे भोक ज्या नळीत उघडते ती मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिचे आतले टोक पडद्याने बंद असते. पडदा धड असेल तर बाहेरून आलेल्या पाण्याला त्याच्या पलीकडे वाटच नाही. ज्यांचा पडदा फाटलेला आहे, ज्यांचा कान वाहतो, ज्यांच्या कानाचे ऑपरेशन झाले आहे किंवा ज्यांच्या पडद्यात ग्रॉमेट, म्हणजे हवा खेळती ठेवणारी बारीक नळी, बसवलेली आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी खाली सांगितलेले पाणी, थेंब आणि ड्रायरचे उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण लोक उत्तराचा मधलाच भाग वाचतात आणि बाटली उघडतात.

पाणी अडकते ते नळीच्या आकारामुळे. कानाची नळी सरळ नसते. तिचा बाहेरचा सुमारे एकतृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा असतो, आणि हे दोन भाग किंचित कोन करून जुळलेले असतात. पडदाही सरळ उभा नसतो, तिरका असतो. त्यामुळे त्याच्या खालच्या-पुढच्या कडेला एक लहानशी खोबण तयार होते. शेवटचा थेंब तिथे जाऊन बसतो आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या स्वतःला आवळून धरण्याच्या गुणधर्मामुळे, अरुंद नळीत चिकटून राहतो. नळीची रुंदी आणि वळण माणसागणिक वेगळे असते. काहींच्या कानात मळ मुळातच जास्त असतो, आणि वर्षानुवर्षे थंड पाण्यात पोहणाऱ्यांच्या नळीत हाडाचे उंचवटे वाढून वाट आणखी अरुंद होते. एकाच वेळी पाण्यातून बाहेर आलेल्या दोघांपैकी एकाला कधीच काही होत नाही आणि दुसरा दर वेळी कान चोळत बसतो, त्याचे कारण एवढेच असते.

पहिल्या तासात करायचे ते असे. ज्या कानात पाणी आहे तो पूर्णपणे जमिनीकडे करा. मान जराशी कलंडून भागत नाही. मग कानाची पाळी वरच्या टोकाला धरून हलकेच वर आणि मागे ओढा. मोठ्या माणसात असे केल्याने वळण सरळ होते; अगदी लहान मुलांमध्ये मात्र पाळी खाली आणि मागे ओढावी लागते. त्याच स्थितीत तोंड उघडबंद करा, जांभई द्या किंवा काहीतरी चघळा. जबड्याचा सांधा नळीच्या पुढच्या भिंतीला अगदी लागून असतो आणि तो हलला की नळीचा आकार किंचित बदलतो, तेवढ्याने थेंबाची पकड सुटते. घाई नसेल तर त्या कुशीवर टॉवेल घेऊन पडून राहणे हा माझ्या मते सगळ्यांत कमी कौतुक झालेला आणि सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. तळहात कानावर घट्ट बसवून हलकेच दाबायचा आणि सोडायचा, हेही चालते. मात्र तो दाबायचा असतो, आपटायचा नसतो. खोलगट तळव्याची थप्पड कानावर बसली तर आत अडकलेल्या हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो.

उड्या मारण्याविषयी आणि डोके झटकण्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मोठ्या माणसाने एकदोनदा केले तर बिघडत नाही, पण जोर वाढवत नेण्यात अर्थ नसतो. 2019 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ आणि व्हर्जिनिया टेक येथील संशोधकांनी काचेच्या नळ्या आणि कर्णनलिकेच्या त्रिमितीय प्रतिकृती घेऊन हाच प्रयोग केला होता. नळी जितकी अरुंद तितका हिसका जास्त लागतो, आणि लहान मुलाच्या कानाएवढ्या नळीतून पाणी सुटायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट त्वरण लागते, जे मुलाच्या मेंदूला इजा करू शकते, असे त्यांना दिसले. मुलांचे डोके धरून झटकणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे.

पाण्यानेच पाणी काढण्याची जुनी युक्तीही तुम्ही ऐकली असेल: कान वर करून त्यात कोमट पाणी भरायचे आणि मग झटकन उलटे करायचे. तिच्यात तथ्य आहे. खोबणीत अडकलेला थेंब मोठ्या पाण्यात मिसळला की सगळ्याचे वजन पृष्ठताणावर मात करते आणि पाणी एकदम वाहून जाते. ज्याचा पडदा धड आहे, कान दुखत नाही आणि जो नुकताच पाण्याबाहेर आला आहे, त्याने स्वच्छ आणि शरीराइतके उबदार पाणी वापरून एकदा करून पाहायला हरकत नाही. तुम्ही मात्र आता हे करू नका. आत फुगलेला मळ असेल तर पाणी आणखी आत कोंडेल आणि तो आणखी फुगेल.

‘शरीराइतके उबदार’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. फार थंड किंवा फार गरम पाणी कानात गेले की आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव तापमानातील फरकाने वाहू लागतो, आणि माणूस जागच्या जागी बसलेला असतानाही त्याला सगळे गरगरल्यासारखे वाटते. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी रुग्णांचे कान धुताना हे बारकाईने पाहिले, त्याचा उलगडा केला, आणि तोलाच्या यंत्रणेवरील त्यांच्या कामाला 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही तोलाची तपासणी करताना कानात 30 आणि 44 अंश सेल्सियसचे, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंशांनी कमी आणि जास्त असलेले, पाणी सोडून मुद्दाम चक्कर आणली जाते. केवळ सात अंशांनी जर माणूस गरगरतो, तर थंडगार थेंबांनी किंवा ड्रायरच्या गरम झोताने काय होईल याचा अंदाज तुम्हाला येईल. कोणतेही थेंब घालण्यापूर्वी बाटली काही मिनिटे मुठीत धरून ठेवावी, ती याचसाठी.

ड्रायर लावायचाच असेल तर सगळ्यांत कमी उष्णता आणि सगळ्यांत कमी वेग ठेवा, तो कानापासून सुमारे एक फूट लांब धरा, एका जागी न रोखता हळूहळू हलवत राहा, दुसऱ्या हाताने पाळी मागे ओढून धरा आणि गरम लागू लागताच थांबा. ओल्या न्हाणीघरात, ओल्या हाताने विजेचे उपकरण हाताळू नये हे सांगायला नको. ड्रायर नळीतला ओलसरपणा वाळवतो. खोबणीत साठलेले पाणी त्याने निघत नाही, म्हणून तो आधी कान उलटा करून मग वापरायचा.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो, म्हणजे थेंबांकडे. पांढरे व्हिनेगर आणि रबिंग अल्कोहोल, म्हणजे कातडी पुसायला वापरतात ते स्पिरिट, समप्रमाणात मिसळून पोहण्यानंतर कानात घालण्याचा सल्ला काही देशांत डॉक्टरही देतात, त्यामुळे तुम्हाला तो सांगणारा माणूस मनाचे सांगत नव्हता. अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याचा पृष्ठताण कमी करते आणि लवकर उडून जाते. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल नळीची कातडी आम्लधर्मी ठेवते, आणि तिथे जंतू व बुरशी सहज वाढत नाहीत. पण हा उपाय धडधाकट कानाला संसर्ग होऊ नये म्हणून, पोहल्यानंतर लगेच करायचा आहे. कातडीवर ओरखडा असेल तर अल्कोहोल भयंकर चुरचुरते, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीत, उतरते, तिथे त्याने फार वेदना होतात आणि आतल्या कानालाही धोका संभवतो. शिवाय दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये काय काय मिसळलेले असते ते प्रत्येक बाटलीगणिक सारखे नसते. तुम्ही इअरबड फिरवला आहे, चार दिवस दडा आहे आणि आत कुणी पाहिलेले नाही. या तीन कारणांसाठी तुमच्या कानात हे मिश्रण आज जाऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच. ते मळ मऊ करण्यासाठी आहे. पाणी काढण्यासाठी ते घालणे म्हणजे कानात आणखी पाणी घालणेच होय. तेल तर नकोच. तेलाने पाणी निघत नाही, ओल मात्र आत कोंडली जाते, आणि गरम तेलाने भाजलेली नळी व पडदा मी पाहिलेला आहे.

तुमच्या पत्रातील सगळ्यांत काळजीची गोष्ट मला थेंबांची वाटत नाही, इअरबडची वाटते. मळ फक्त नळीच्या बाहेरच्या भागात तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असल्याने पाणी झटकून टाकतो, आणि नळीची कातडी स्वतःच आतून बाहेर सरकत असल्यामुळे हळूहळू आपोआप बाहेर येतो. आतल्या भागातील कातडी अत्यंत पातळ असते आणि तिच्याखाली चरबीची गादी नसते. ती जवळजवळ थेट हाडावर ताणलेली असते. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली इअरबड वापरलेला कान पाहिला की चित्र बहुतेक ठरलेले असते. बाहेरच्या भागात मळाचा मागमूस नसतो, कातडी चकचकीत, कोरडी आणि लालसर दिसते, तिच्यावर बारीक ओरखडे असतात आणि एखाद्या ओरखड्यावर रक्ताची सुकलेली रेघ असते. वळणापलीकडे ढकलत नेलेली मळाची गच्च गोळी बसलेली असते, तिला कापसाचे दोन-चार तंतू चिकटलेले असतात, आणि चिमट्याने गोळी किंचित हलवली की तिच्यामागून कोंडलेले पाणी झिरपते. जे पाणी काढायला बड घातला तेच त्याने आत बंद केलेले असते. किल्ली, पिन, कानकोरणे आणि काडी यांच्याबद्दल वेगळे लिहायला नको.

चौथ्या दिवशी दडा का असू शकतो, याच्या शक्यता आता पाहू. कोणती खरी आहे ते तपासल्याशिवाय मला इथून सांगता येणार नाही. सगळ्यांत नेहमीची म्हणजे हीच, पाण्याने फुगलेल्या मळाची. आधी नळीत थोडी फट होती तोवर ऐकू येत होते. मळाने पाणी शोषले, फट बुजली आणि कान एकाएकी बंद झाला. यात दुखणे फारसे नसते.

दुसरी शक्यता बाहेरच्या नळीच्या संसर्गाची. सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते, मळाचे संरक्षक आवरण धुऊन जाते, आणि ओरखड्यांतून जंतू आत शिरतात. त्यांत ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास आणि कातडीवर एरवीही असणारा स्टॅफिलोकोकस हे मुख्य. सुरुवात खाजेने होते, मग ठणका लागतो, नळी सुजते आणि ऐकू कमी येते. घरी करण्यासारखी एक साधी परीक्षा आहे: कानाच्या भोकासमोर जो लहान टोकदार उंचवटा असतो तो बोटाने दाबा, किंवा पाळी हलकेच ओढा. त्याने कळ आली तर संसर्ग आहे असे धरून चाला. बुरशीच्या संसर्गात ठणक्यापेक्षा खाज जास्त असते, आणि काळ्या बुरशीचा कान उघडून पाहिला तर आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा करडा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. तो थर साफ केल्याशिवाय नुसत्या थेंबांनी बुरशी जात नाही.

तिसरी शक्यता अशी की पाणी पडद्याच्या बाहेर नाही, आत आहे, आणि ते पोहण्याचे नाही. सर्दीनंतर किंवा विमानप्रवासानंतर नाकामागे उघडणारी नळी नीट काम करीत नसेल तर मध्यकर्णात शरीराचाच द्रव साठतो. कान भरल्यासारखा वाटतो, स्वतःचा आवाज घुमतो, आणि कितीही वेळ कुशीवर पडून राहिले तरी काही बाहेर येत नाही, कारण पडदा बंद असतो. नाक दाबून जोराने फुंकण्याचा उपाय लोक याच संदर्भात ऐकतात आणि बाहेरच्या पाण्यासाठी वापरतात. तिथे त्याचा काडीमात्र उपयोग नाही, आणि जोराने केला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते.

चौथी शक्यता विरळा आहे, पण मी तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे. कानाची नस अचानक कमकुवत होऊन ऐकू येणे कमी झाले तर कित्येकांना पहिल्यांदा ‘बहिरेपण’ जाणवत नाही. त्यांना कान बंद झाल्यासारखा, पाणी गेल्यासारखा वाटतो. माणूस आठवडे थेंब घालत बसतो, आणि उपचाराचा काळ निघून जातो. यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होईल तितकी सुधारणेची आशा जास्त. ओळखण्यासाठी ओठ मिटून ‘म्’ असा एकसारखा सूर काढा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते पाहा. बंद वाटणाऱ्या कानात घुमला तर अडथळा मळाचा, पाण्याचा किंवा मध्यकर्णातील द्रवाचा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात घुमला तर नसेचा दोष असू शकतो, आणि मग त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जायला हवे. ही परीक्षा डॉक्टरच्या तपासणीची जागा घेत नाही. नीट कळले नाही तर स्वतःची समजूत काढण्यासाठी ती वापरू नका.

तुम्ही काय करावे ते आता सांगता येते. कानात आजपासून काहीही घालू नका, ना बड ना थेंब, आणि पोहणे थांबवा. अंघोळीच्या वेळी कापसाचा बोळा पेट्रोलियम जेलीत माखून भोकाच्या तोंडाशी ठेवा, आत कोंबू नका, आणि अंघोळ झाली की काढून टाका. दोनतीन दिवसांत न उतरलेला दडा दाखवायलाच हवा, म्हणजे तुमची मुदत होऊन गेली आहे. घाबरण्यासारखे काही नसले तरी येत्या एकदोन दिवसांत दाखवून घ्या. ठणका, ताप, पाणी किंवा पू येणे, गरगरणे, एकाएकी ऐकू कमी येणे, कानामागे सूज, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटणे, यांतले काहीही असेल तर उद्यापर्यंतही थांबू नका. मधुमेह असलेल्या, विशेषतः वयस्कर व्यक्तींमध्ये आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये बाहेरच्या नळीचा संसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो. रात्री झोपू न देणारी कानदुखी त्यांनी कधीही अंगावर काढू नये.

तपासणीची भीती बाळगू नका. दुर्बिणीने नळी आणि पडदा पाहिला की निम्मे काम होते. मळ असेल तर तो सक्शनने किंवा बारीक हुकाने काढतात, आणि बहुतेक जण खुर्चीतून उठतानाच कान मोकळा झाल्याचे सांगतात. संसर्ग असेल तर नळी साफ करून थेंब देतात. नळी सुजून बंद झाली असेल तर थेंब आत पोचावेत म्हणून औषधात भिजवलेली पट्टी काही दिवस ठेवतात. थेंब साधारण आठवडा ते दहा दिवस चालतात. दुसऱ्याच दिवशी ठणका कमी झाला म्हणून ते मध्येच बंद करणारे रुग्ण हटकून परत येतात.

पुन्हा पाण्यात कधी उतरायचे हे निदानावर अवलंबून आहे. नुसता मळ निघाला आणि कातडी चांगली असेल तर लगेचही जाता येते. संसर्ग असेल तर उपचार पुरा होऊन नळी कोरडी आणि दुखणे बंद होईपर्यंत थांबा. घाई केली की तोच संसर्ग उलटतो. त्यानंतर पोहण्याआधी कान साफ करण्याची सवय मात्र सोडा, कारण मळाचा पातळ थर तुमच्याच बाजूने काम करीत असतो. पाण्याबाहेर येताच दोन्ही कान आळीपाळीने उलटे करून, पाळी ओढून, टॉवेलच्या कडेने बाहेरचा भाग टिपा, आणि कान पुरता वाळेपर्यंत इअरफोन घालू नका. वारंवार त्रास होत असेल तर मऊ सिलिकॉनचे बोळे आणि टोपी वापरा. बोळे स्वच्छ ठेवले नाहीत तर तेच नळी खरवडतात. घरातल्या एखाद्या मुलाला ग्रॉमेट बसवलेले असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण हे माहीत असू द्या की पृष्ठभागावर साधे पोहण्यापेक्षा खोल बुडी मारणे आणि टबमधले साबणाचे पाणी यांपासून त्या कानाला जास्त जपावे लागते, कारण साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते त्या बारीक नळीतून सहज आत शिरते.